पलंगावरचा मंडप

मी तोंडाला फडकं बांधत होते, हे आधीच सांगून टाकते. नंतर सांगितलं तर तुम्ही म्हणाल, बिचारीला माहीत नव्हतं. माहीत होतं. बागेत बांधतात तसं नाकावरून दोन वेढे घेऊन मागं गच्च गाठ मारलेलं जाड सुती फडकं. आणि ते बांधून मी उभी कुठं होते? आमच्या मालकांच्या पलंगाशेजारी. त्यांची उशी असते तिथून हातभर अंतरावर, हातात दोन लिटरचा पंप घेऊन. एकदा नाही, दोनदा नाही. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत, दर आठवड्याला.

आता कशी सुरुवात झाली ते सांगते.

आम्ही खोडदचे, द्राक्षवाले. तीन एकर बाग आणि ती सांभाळता सांभाळता दोघांची अख्खी उमर. द्राक्षाचं ज्यांना माहीत नाही त्यांना वाटतं, वेल लावली, घड लागले, तोडले, विकले. अहो, कसलं काय! द्राक्षाची बाग म्हणजे घरात कायमचा आजारी पाहुणा. ढग आले की औषध, दव पडलं की औषध, ऊन चांगलं पडलं तरी 'आता भुरीची बुरशी येईल' म्हणून औषध. भिंतीवर कॅलेंडर असतं आणि त्यावर तारीखवार लिहिलेलं असतं, आज हे मारायचं, परवा ते मारायचं. त्याला शेड्यूल म्हणतात. शेड्यूल चुकलं की घरातली तोंडं अशी होतात, जसं काही सुतक लागलंय. रोग दिसायची वाट बघायची नाही, दिसायच्या आत मारायचं, हे आम्हाला इतकं मुरलेलं, की माझ्या लेकीला लहानपणी सर्दी व्हायच्या आधीच मी काढा पाजायचे.

मालकांनी ती फवारणी चाळीस वर्षं उघड्या तोंडानं केली. मी फडकं दिलं की म्हणायचे, "जीव गुदमरतो माझा त्यात." वाऱ्याच्या तोंडाला उभे राहायचे, अंगावरचा सदरा औषधानं चिंब व्हायचा, आणि तसेच बांधावर बसून भाकरी खायचे. कधी डोकं दुखलं, कधी उलटी झाली, की ताक पिऊन झोपायचे. दुसऱ्या दिवशी परत बागेत.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा दम जायला लागला. आधी चढावर, मग सपाटीवर, मग बसल्या जागी. हा माणूस बोलका. चार माणसं जमली की ह्यांचाच आवाज. त्यांना एक वाक्य सलग बोलता येईना. "अगं, पाणी" म्हणायचं, थांबायचं, मग "दे." मला त्यांची खोकल्याची उबळ बघवायची, पण ते मधलं थांबणं बघवायचं नाही. मी मान फिरवायचे.

नारायणगावला छातीच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला. मग म्हणाले, "फुप्फुसं आखडलीत. जे गेलं ते परत येणार नाही. राहिलंय ते जपायचं. धूळ नको, धूर नको, आणि बागेत तर पाऊलसुद्धा टाकायचं नाही. घरातली हवा स्वच्छ ठेवा."

मला दुसरं काही नको होतं. ह्यांनी परत बागेत जावं, कमवावं, असलं काही नको होतं. राहिलेला दम राहावा, आणि ह्या माणसानं मला एक वाक्य सलग बोलून दाखवावं, एवढंच हवं होतं. तेव्हा डॉक्टरांचं शेवटचं वाक्य मी पदराला गाठ मारून घरी आणलं. घरातली हवा स्वच्छ ठेवा. बाग दिराच्या मुलाला वाट्यानं दिली. चूल बंद केली, पाणी तापवायलासुद्धा गॅस. उदबत्ती बंद. आमची खोली रस्त्याच्या बाजूची, टोमॅटोच्या पिकअप दिवसभर धुरळा उडवत जातात, म्हणून खिडकी लावून घेतली. फटीत जुन्या साड्यांच्या पट्ट्या कोंबल्या. आता हवा बाहेर जाणार नाही आणि आत येणार नाही, म्हणजे स्वच्छ राहील, असा माझा हिशोब. शहाणी मी!

आमची लेक चाकणला कंपनीत आहे. तिनं मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. छान साडी नेसलेली बाई सांगत होती, की मनी प्लांटसारख्या वेली खोलीत चढवल्या की त्या हवेतलं सगळं विष शोषून घेतात आणि माणसाला शुद्ध हवा देतात. लेकीनं खाली लिहिलं होतं, 'आई, अण्णांच्या खोलीत लाव.' तिनं काय, आला तसा पाठवला. पण मी तो सात-आठ वेळा बघितला. वेली! म्हणजे आपलं कामच. आयुष्यभर वेलीच तर चढवल्यात. मला इतका आनंद झाला, की मी मालकांना म्हणाले, "आता बघा तुम्ही."

शेजारीण आमच्या गावाजवळच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या वसाहतीत कामाला जाते. तिथल्या एका बंगल्यावर मनी प्लांट असा पसरलाय म्हणे, की भिंत दिसत नाही. तिनं मला वावभर लांबीच्या वेलींचा भाराच आणून दिला. "ताई, ह्याला कायबी लागत न्हाई बरं का," म्हणाली. "पानी दिलं की पळतंय." मी हसले. काही लागत नाही अशी वेल मी जन्मात पाहिली नव्हती.

डाळिंबाच्या रिकाम्या क्रेटात माती-शेणखत भरलं आणि पलंगाच्या चारी कोपऱ्यांना एकेक क्रेट ठेवला. मग म्हटलं, आता हिला वर न्यायचं कसं? भिंतीला खिळे ठोकले. बागेतून उरलेली तार होती ती ताणली, पलंगाच्या वर इकडून तिकडं पाच ओळी. अगदी बागेतला मंडप असतो तसा. सुतळीनं वेल तारेला बांधली, शेंडे खुडले, बगलेतून फुटवे फुटले तसे डावे-उजवे काढले. ठिबकमधून सोडायचं एकोणीस-एकोणीस-एकोणीस खत घरात होतंच, ते चिमूट चिमूट पाण्यातून दिलं. गणपतीपर्यंत पलंगावर हिरवंगार छत झालं. झोपलेल्या माणसाच्या तोंडापासून हात वर केला तर पान लागेल, इतकं खाली.

मालकांना लई आवडलं. उताणे पडून बघत राहायचे. बाग तुटली होती ना त्यांची, ती मी खोलीत आणून दिली असं वाटलं असेल. जाऊ आली बघायला. तारा, सुतळी, खुडलेले शेंडे बघून पोट धरून हसली. "काय गं, ह्याला घड कधी लागायचे? मला सांग हां, मी कात्री घेऊन येते." मी म्हटलं, "हस. तुझ्या दिराला दम लागायचा थांबला की मग बघते तुला." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं, खोटं कशाला बोलू.

दसऱ्याच्या सुमाराला एका पानाच्या बुडाशी मला कापसासारखं पांढरं दिसलं. मी नखानं खरवडलं. चिकट. मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण.

आता कुठली शहरातली बाई काय करेल? ओल्या फडक्यानं पुसून काढेल. साबणाचं पाणी लावेल. ते पान तोडून फेकून देईल. माझ्या डोक्यात त्यातलं काही आलंच नाही. मिलीबग म्हटलं की मला एकच माहीत, कोठीच्या खोलीत दुसऱ्या फळीवर डावीकडची बाटली. बाग वाट्यानं दिली तरी उरलेल्या बाटल्या तिथंच होत्या. मी झाकणानं मोजून औषध घेतलं, दोन लिटरच्या पंपात कालवलं आणि फवारलं. हात थांबलासुद्धा नाही. भाजीत मीठ टाकताना थांबतो का?

आणि एकदा मारून कोण थांबतं! शेड्यूल लागलं. कॅलेंडरवर दर गुरुवारी मी टिंब काढायचे. मालक सकाळी पडवीत उन्हाला बसायचे, तेव्हा मी खोलीत शिरायचे. गादी-उशी खराब होऊ नये म्हणून पलंगावर मल्चिंग पेपर अंथरायचे, टोमॅटोच्या वाफ्यावर टाकतात तो, रुपेरी बाजू वर. तोंडाला फडकं. पानांच्या वरून, खालून, खोडाच्या सांध्यात, छान ओलं होईपर्यंत. थेंब गळायचे त्या पेपरवर टपटप. औषध नीट बसावं म्हणून दार ओढून घ्यायचे, तासाभरानं पेपर गोळा करायचे, आणि ह्यांना म्हणायचे, "चला, आता आत पडा जरा, शुद्ध हवेत."

ह्याच शब्दांत म्हणायचे. शुद्ध हवेत. आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

दिवाळीच्या आधीच त्यांचं बिघडलं. छातीत घरघर, डोळ्यांतून पाणी, तोंडाला लाळ सुटायची. जेवण जाईना. मी म्हटलं, थंडी आलीय. डॉक्टरांनी तोंडानं आत ओढायचं औषध बदललं. मी काय केलं? अजून दोन क्रेट आणले. वेली वाढवल्या. मंडप दाट केला, आणि आत हवा खेळत नाही म्हणून बुरशी येईल ह्या भीतीनं मिलीबगच्या औषधात बुरशीचंही औषध घालायला लागले. ह्यांना जास्त त्रास झाला की मी जास्त मारायचे. वेल निरोगी पाहिजे ना, तरच ती ह्यांना निरोगी करणार!

डिसेंबरात एका सकाळी त्यांचे ओठ निळे दिसले. दवाखान्यात चार दिवस ठेवलं. आणि नवल बघा, दुसऱ्याच दिवशी माणूस उठून बसला. तिसऱ्या दिवशी चहात साखर कमी आहे म्हणून सिस्टरशी भांडला. मला रडू आलं, इतकं बरं वाटलं ते भांडण ऐकून. म्हटलं, ऑक्सिजनची करामत. सोडायच्या दिवशी मी पहाटेच्या गाडीनं पुढं घरी आले, खोली झाडली, पुसली, आणि ह्यांना स्वच्छ खोलीत आणायचं म्हणून मंडप वरपासून खालपर्यंत धुऊन काढल्यासारखा फवारला. दुपारी ह्यांना आणून त्याखाली निजवलं. तिसऱ्या दिवशी परत वाक्य तुटायला लागलं.

मी देवाला बोल लावला. जावेला म्हटलं, कुणाची तरी नजर लागली. स्वतःकडे सोडून सगळीकडे बघितलं.

संक्रांतीच्या आधीच्या गुरुवारी लेक आली. दुपारी येते म्हणाली होती, आली सकाळी दहाला. मालक पडवीत उन्हात डोळे मिटून बसलेले. ती त्यांच्या पाया पडून सरळ आत आली आणि दार ढकललं.

"आई? काय करतेस?"

"फवारते," मी फडक्याआडून म्हटलं. "थांब, आत येऊ नको, नवीन ड्रेस आहे तुझा."

"घरात? पलंगावर?"

"पलंगावर कुठं? वेलीवर. मिलीबग आलाय."

ती तशीच उंबऱ्यात. नाकाला ओढणी लावली तिनं. मला कळेना, हिला एवढा कसला वास येतोय. आम्हाला कुठं कळतो तो वास! आमच्या कोठीला तो आहे, पंपाला आहे, मालकांच्या जुन्या सदऱ्यांना आहे. तो आमच्या घराचाच वास. तिनं खाली ठेवलेली बाटली उचलली, फिरवून बघितली. तांबडी चौकट, त्यात कवटी. ती मी रोज बघत आले होते, कॅलेंडरवरच्या देवासारखी. दिसायची बंदच झाली होती.

"आई," ती एकदम हळू आवाजात म्हणाली, "तू तोंडाला फडकं का बांधलंयस?"

"नाकात जातं ना मग."

माझ्याच तोंडून निघालं. आणि निघाल्यावर माझ्या कानांनी ते ऐकलं.

मी मल्चिंग पेपरकडे बघितलं. त्यावर थेंब साचले होते, बारीक बारीक. मी गादी झाकत होते. तीन महिने मी गादी झाकत होते, उशी झाकत होते, स्वतःचं नाक झाकत होते. कापसाला डाग पडू नये म्हणून एवढी काळजी, आणि त्या कापसावर रात्रभर तोंड वर करून झोपणारा माणूस? तो माझ्या डोक्यात कसा आला नाही? मी अडाणी नाही. सातवी झालेय. बागेत फवारणी झाली की दोन दिवस आत जायचं नाही, हे मी मजुरांच्या बायकांना ओरडून सांगायचे. मग इथं? इथं कुठं गेली होती माझी अक्कल?

हातातला पंप सुटला. पडवीत ऐकू जाऊ नये म्हणून लेक दबक्या आवाजात ओरडायला लागली, "अगं, तू माणसाला विष घालतेस! रोज! त्या बंद खोलीत!" आणि ओरडता ओरडता मध्येच थांबली, खाली बसली आणि तोंडात ओढणी कोंबून रडायला लागली. "तो व्हिडिओ मीच पाठवला," म्हणत राहिली. मी तिला उठवलं नाही.

मग जे काही केलं ते आम्ही दोघींनी न बोलता केलं. तारा तोडल्या. क्रेट ओढत मागच्या दारानं बाहेर नेले. गादी, उशी, चादर, सगळं. कुदळ घेऊन मी स्वतः खड्डा खणला आणि वेली त्यात दाबल्या. खिडकीच्या फटीतल्या साड्यांच्या पट्ट्या उपसल्या, खिडकी सताड उघडली. धुरळा येतो तर येऊ दे मेला. भिंती सोड्याच्या पाण्यानं तीनदा पुसल्या. मालकांचा पलंग माजघरात आणला, जिथं समोरासमोर दोन दारं आहेत.

"आई, अण्णांना सांगायचं," लेक म्हणाली.

"सांगशील तर माझं मेलेलं तोंड बघशील," मी म्हटलं. अशी मी. चूक माझी आणि दम तिला.

मालकांनी विचारलं तेव्हा सांगितलं, कीड पडली म्हणून काढलं. ते हळहळले. "चांगला... मंडप... व्हता," म्हणाले.

आणि त्यांना बरं वाटायला लागलं. गेलेलं परत आलं नाही, ते येणार नव्हतंच, पण आठ दिवसांत जेवण सुधारलं. पंधरा दिवसांत काठी टेकत चावडीपर्यंत गेले. महिन्याभरात त्यांची वाक्यं जोडली जायला लागली. मी स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकायचे. दम लागायचा, पण वाक्याच्या शेवटी लागायचा. हेच मागितलं होतं मी देवाकडे. मिळालं, आणि मला ते घेववेना. कारण ते सुधारत होते तसं मला दिसत होतं, की बिघडवलं कुणी होतं.

वर आणि त्यांनी सगळ्यांना सांगायला सुरुवात केली. चावडीवर, पडवीत, येईल त्याला. "राव, आमच्या मंडळीनं पलंगावर येलींचा मंडप केला व्हता. त्या येलींनी माझ्या छातीतलं सगळं इख वढून घेतलं बघा, आन् त्यापायी त्याच जळाल्या. तिच्यामुळं जिता हाय मी." लोक माझ्याकडे कौतुकानं बघायचे. मी चहाचा कप ठेवून आत पळायचे. एवढे शिव्याशाप खाल्ले असते तरी चाललं असतं, पण ते कौतुक! ते ऐकलं की तळपायाची आग मस्तकात जायची, आणि राग काढायला समोर मीच.

मार्चमध्ये परत नारायणगावला गेलो. डॉक्टरांनी बोटाला ते चिमट्यासारखं यंत्र लावलं, छाती ऐकली, आणि हसले. "काय हो, चांगली सुधारणा आहे. काय केलंत घरी?"

मालक खुर्चीत सरसावून बसले. "डाक्टर, आमच्या मंडळीनं..."

"मी औषध मारत होते," मी म्हटलं.

का बोलले, कसं बोलले, माहीत नाही. पाट फुटावा तसं बाहेर आलं. सगळं सांगितलं. बाटली कुठली, किती वेळा, मल्चिंग पेपर, फडकं, बंद खिडकी, दवाखान्यातून यायच्या दिवशीची ती धुऊन काढल्यासारखी फवारणी. डॉक्टरांच्या हातातलं पेन थांबलं. मालकांकडे बघायची मला हिंमत झाली नाही. मी टेबलावरच्या त्या चिमट्याकडे बघून बोलत होते.

डॉक्टर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. पेन खाली ठेवून म्हणाले, "बाई, सगळं त्यानंच झालं असं मला सांगता येणार नाही. पण त्या खोलीत मी कुत्र्यालासुद्धा झोपवलं नसतं." मग म्हणाले, "आणि त्या चार वेलींनी काही खोलीची हवा बदलत नसते. उघडी खिडकी लागते त्याला. मी स्वच्छ हवा म्हणालो ते ह्याच अर्थानं."

परत येताना एसटीत मालक खिडकीशी बसले. मी मनात म्हटलं, बोलतील ते ऐकायचं. हाकलतील तर लेकीकडे जायचं. चार वेळा त्यांच्या हाताला हात लावावासा वाटला, लावला नाही. कुठल्या तोंडानं लावू?

घरी आल्यावर ते पडवीत बसले. मी पाणी दिलं. ते पिऊन तांब्या खाली ठेवला आणि म्हणाले, "वास येत व्हता मला."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, माझ्याच अंगातला हाय. इतकी वर्सं मुरलेला. आता घामावाटं भायेर पडतोय."

तेव्हा मात्र माझा बांध फुटला. पडवीतच खाली बसले आणि मोठ्यानं रडले. कोण बघतंय, कोण नाही, काही भान नाही. "माझ्या हातानं झालं हो," एवढंच म्हणत होते.

"तुझ्या हातानं तीन म्हैने," ते म्हणाले. "आन् माझ्या हातानं?"

मला कळेना ते काय म्हणतायत.

"तुझी पयली खेप. पाचवा लागला व्हता तुला. फवाऱ्याची नळी धरायला मानूस आला न्हाई, म्हनून तुला उभी केली बागंत. तू म्हनली, मळमळतंय, डोळ्यांपुढं अंधारी येतीय. मी म्हनलं, दोनच वळी ऱ्हायल्यात."

माझं रडणं तिथल्या तिथं थांबलं. आमची लेक ही दुसऱ्या खेपेची. तिच्या आधी एक होतं, पोटात, पाच महिन्यांचं. त्या फवारणीनंतर तिसऱ्या दिवशी गेलं. त्याला पस्तीस वर्षं झाली. ह्या घरात त्यावर कुणी एक अक्षर कधी काढलं नव्हतं. मला दाखवलंसुद्धा नव्हतं. शुद्धीवर आले तेव्हा सगळं आवरलेलं होतं. सासूबाईंना एकदा विचारलं, तर म्हणाल्या, काही आकार नव्हता, विचारू नकोस. मी विचारलं नाही. मला वाटायचं, हे सगळे विसरलेत, आणि हा माणूस तर पहिला.

"फवारणीनं गेलं असं कुणी म्हटलं नव्हतं," मी म्हटलं. का कोण जाणे, मी त्यांचीच बाजू घेत होते.

"कुनी न्हाई म्हनलं. मी म्हनतो." त्यांनी काठी जवळ ओढली. "पोरगी व्हती. मी बघितली. टावेलात गुंडाळून मीच नेली."

पोरगी. पस्तीस वर्षं मला आकार नाही म्हणून सांगितलं होतं.

"कुठं?" मी विचारलं.

त्यांनी हात उचलून दाखवलं. बागेच्या वरच्या बांधाला, जिथं पाण्याची मोटर आहे, त्याच्या जरा अलीकडे. त्या बांधावरून मी किती वेळा डोक्यावर पाटी घेऊन गेले असेन, देव जाणे. तिथंच टेकून भाकरी खाल्ली आहे मी. मला ह्या माणसाचा असा राग आला, असा राग आला, की त्याच वेळी त्यांच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं, आणि दोन्हीतलं काहीच जमलं नाही.

मी उठले आणि बागेकडे चालायला लागले. मागून काठीचा आवाज आला. डॉक्टरांनी बागेत पाऊल टाकायचं नाही म्हणून सांगितलेलं, मला ओरडून सांगायला हवं होतं, मी सांगितलं नाही. वाटेत ते दोनदा थांबले. दोन्ही वेळा मीही थांबले, त्यांचा दम परत येईपर्यंत, आणि मग आम्ही पुढं गेलो.